पेल्विक फ्लोअरची फिजिओथेरपी: सात महिन्यांनंतर

शिंक येणार असं वाटलं की मी आधी पायावर पाय आवळायचे आणि मग शिंकायचे, नाहीतर लघवी सुटायची. धाकटीच्या बाळंतपणानंतर नऊ वर्षं हेच चाललं होतं. पॅड रोजचं, कपडे गडद रंगाचे. आणि मुलींनी दोरीवरच्या उड्या मारायला बोलावलं की माझे गुडघे दुखायचे. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

केगल (पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम) करून पाहिले नव्हते असंही नाही. फोनवर आठवण लावून वर्षभर रोज शंभर. फरक शून्य. त्यामुळे फिजिओकडे गेले तेव्हा मनातून निकाल लावूनच गेले होते.

पहिल्या भेटीत तिने आधी नुसतं विचारून घेतलं. लघवी कधी सुटते, किती सुटते, शौचाला कुंथावं लागतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का. मग मला विचारून, हातमोजा घालून, योनीतून एका बोटाने तपासलं. दोन मिनिटं लाज वाटली, मग नाही. 'आता आवळा,' म्हणाली. मी जीव तोडून आवळलं. ती म्हणाली, 'ताई, तुम्ही आवळत नाही आहात, कुंथताय.' म्हणजे वर्षभर रोज शंभर वेळा मी ते स्नायू वर उचलायच्या ऐवजी खाली ढकलत होते, तेही श्वास रोखून! ताकद तिने पाचपैकी दोन लिहिली.

डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, तेव्हा बाईला आपण बरोबर करतोय का हे कळावं म्हणून योनीतला दाब मोजणारं यंत्रही ते वापरत. लोकांपर्यंत फक्त 'आवळा' एवढंच पोचलं.

हे स्नायू पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे बांधलेले असतात, आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय त्यांच्या आधारावर. खोकला आला की पोटातला दाब खाली येतो, त्याच क्षणी झोळीने वर धरायला हवं. माझी झोळी ढिली तर होतीच, शिवाय उशिरा जागी व्हायची. म्हणून शिंकेच्या किंवा वजन उचलण्याच्या नेमकं आधी आवळायचं, हे तिने पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

घरी कळणार कसं? टॉवेलची घट्ट गुंडाळी करायची, खुर्चीवर पुढून मागे अशी ठेवायची आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून तिच्यावर बसायचं. वारा सरू नये म्हणून धरतो तसं मागून सुरू करायचं आणि ते पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणायचं. जमलं तर गुंडाळीवरून अंग आत ओढल्यासारखं हलकं वाटतं, चुकलं तर गुंडाळीवर दाब वाढतो. मांड्या, नितंब ढिले. श्वास चालू राहावा म्हणून मी सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचे; अडखळले की श्वास रोखला असं समजायचं. (तो पाढा माझा तसाही अडखळतो.)

आठ वेळा धरायचं, दिवसातून तीनदा. सुरुवातीला तीन सेकंद धरवायचं, आता दहा. त्यानंतर पटापट आठ-दहा. आणि जितका वेळ धरलं निदान तितका वेळ पूर्ण सोडायचं. मला सोडणंच जास्त जड गेलं. दात आवळलेले असले की खालचंही सुटत नाही, हे मला स्वतःवरूनच कळलं.

पहिले सहा आठवडे काहीही झालं नाही. तीन महिने तरी निकाल मागू नका, असं तिने बजावलं होतं म्हणून टिकले. दहाव्या आठवड्यात जिना चढताना ठसका लागला, सवयीने कठड्याला धरून थांबले, आणि कोरडी होते.

व्यायामाइतकाच उपयोग वहीचा झाला. तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून लिहायची. दिवसाला चौदा वेळा निघाली, बहुतेक वेळा शंभर-सव्वाशे मिली. मूत्राशयात चारशे मिली सहज मावते. मी मात्र 'निघतेच आहे तर जाऊन येते' करत त्याला थोडक्यातच ओरडायला शिकवलं होतं. घराच्या कुलपात किल्ली घातली की कळ यायची ती त्यातलीच. आता कळ आली की पळायचं नाही. जागीच थांबून पाच-सहा वेळा पटकन आवळायचं, कळ ओसरू द्यायची, मग सावकाश जायचं. दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत दिवसाला सात वेळांवर आले. सुटेल या भीतीने मी पाणी तोडलं होतं, तेही चूकच; घट्ट लघवीने मूत्राशय जास्तच चिडतं. पाणी वाढवलं, चहा-कॉफी कमी केली.

कमी कष्टात सगळ्यात मोठा फरक पडला तो पायाखालच्या छोट्या स्टुलाने. कमोडवर गुडघे कमरेच्या वर, थोडं पुढे वाकून, श्वास सोडत. गुदाशयाला मागून वळसा घातलेला स्नायू ढिला पडतो, वाट सरळ होते आणि कुंथावं लागत नाही. रोजच्या कुंथण्याने झोळीवर काय येतं हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

तक्रारी आहेत. क्लिनिकमध्ये तीनदा सेन्सर लावून पडद्यावर आलेख पाहिला. शिकायला छान, पण तसं यंत्र घरी घ्यावं असं मला वाटत नाही. पाचव्या महिन्यात दोन आठवडे खोकला झाला आणि पॅड परत आलं. फार रडू आलं. आणि लघवी मध्येच रोखून धरायचा 'व्यायाम' मी कुठून तरी उचलला होता, तो तिने बंद करायला लावला. त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

माझं वाचून बहिणीने लगेच केगल सुरू करू नयेत म्हणून तिला आधी तपासायला पाठवलं, ते बरं झालं. तिचे स्नायू ढिले नव्हते, कायम आवळलेलेच होते. दुखायचं, लघवी सुरू व्हायला वेळ लागायचा. तिला केगल नाहीतच, पोटाने श्वास घेत सोडायला शिकवतायत. लघवीत रक्त दिसलं किंवा अंग खाली आल्यासारखं वाटलं तर मात्र आधी डॉक्टर.

ताकद आता पाचपैकी चार. परवा दोरीवर चौतीस उड्या झाल्या, धाकटी मोजत होती. पस्तिसावीला थांबले. गुडघा दुखला, खरंच.