व्हीएस कोडमधील स्निपेट्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये स्वतः लिहिलेले स्निपेट्स, म्हणजे छोटा संक्षेप टाइप केल्यावर त्या जागी उमटणारे कोडचे तयार तुकडे, रोज वापरत आहे. त्याआधी एक्स्टेंशनमधून, म्हणजे एडिटरला जोडता येणाऱ्या पूरक प्रोग्राममधून, मिळणारे तयार संच वापरून पाहिले होते, परंतु दुसऱ्याने ठरवलेले संक्षेप लक्षात राहत नाहीत आणि सूचनांच्या यादीत नको त्या नोंदींची गर्दी होते, म्हणून ते आठवडाभरातच काढून टाकले. आज माझ्याकडे तेवीस स्निपेट्स आहेत आणि त्यांतील जेमतेम नऊ रोजच्या कामात येतात.

स्निपेट लिहिण्याची पद्धत सोपी आहे. जेसन या माहिती नोंदवण्याच्या मजकूर-स्वरूपातील फाइलमध्ये प्रीफिक्स (संक्षेप), बॉडी (उमटणारा मजकूर) आणि डिस्क्रिप्शन (वर्णन) एवढे दिले की पुरते. बॉडीमध्ये डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे १, २ असे आकडे लिहिले की टॅब दाबल्यावर कर्सर त्याच क्रमाने पुढे सरकतो व शेवटी शून्याच्या जागी थांबतो. एकच आकडा दोन ठिकाणी दिल्यास दोन्हीकडे एकाच वेळी टाइप होते. व्हेरिएबलचे नाव पुन्हापुन्हा लिहावे लागते तेथे ही सोय फार उपयोगी पडते. फाइलचे नाव, चालू वर्ष, निवडलेला मजकूर हे सारे आपोआप भरता येते. यांतील काही व्हेरिएबलांच्या नावांआधी ‘टीएम’ ही अक्षरे दिसतात, ती टेक्स्टमेट या जुन्या मॅक एडिटरची खूण आहे. ही रचना मुळात तेथूनच आलेली आहे.

मला सर्वाधिक त्रास दिला तो याच डॉलरने. शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये, व्हेरिएबलच्या नावाआधी डॉलर असतो. तिच्यासाठी स्निपेट लिहिताना मी तो डॉलर एस्केप केला नव्हता, म्हणजे तो साधे अक्षर म्हणून घ्यावा अशी खूण केली नव्हती. एडिटरला ते नाव ओळखीचे नसल्याने त्याने डॉलर गाळून केवळ नाव ठेवले, आणि दिसायला बिनचूक असलेली स्क्रिप्ट चुकीच्या फोल्डरवर चालली. नुकसान झाले नाही, परंतु कारण सापडेपर्यंत दुपार गेली. अशा जागी डॉलरपूर्वी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते, आणि जेसनमध्ये ती रेघ स्वतःच विशेष चिन्ह असल्यामुळे दोनदा लिहावी लागते.

वेळ वाचतो म्हणून स्निपेट्स वापरावेत, असे सांगितले जाते. माझ्या अनुभवात टाइप करण्याचा वाचलेला वेळ किरकोळच आहे. खरा लाभ विसरभोळेपणावरचा उपाय म्हणून होतो. पायथन भाषेतील रिक्वेस्ट्स ही सर्व्हरकडून माहिती मागवणारी लायब्ररी टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत, दिला नाही तर स्वतःहून कोणतीही मुदत लावत नाही, त्यामुळे समोरचा सर्व्हर गप्प राहिला की आपला प्रोग्रामही ताटकळत बसतो. हे मला ठाऊक होते, तरीही घाईत लिहिताना ते राहून जात असे. आता टाइमआउट स्निपेटमध्येच असल्यामुळे तो लिहायचा राहत नाही.

मात्र याच उदाहरणाने मला स्निपेटची मर्यादाही दाखवली. पहिल्या दोन महिन्यांत त्या स्निपेटमध्ये टाइमआउट नव्हता. तो घातला तेव्हा पुढचा कोड सुधारला, पण आधी चौदा फाइलींमध्ये उमटलेल्या प्रतींना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण एकदा विस्तार झाल्यावर स्निपेटचा आणि त्या ओळींचा संबंध तुटतो. त्या चौदा जागा मला शोधून हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. तेव्हापासून, ज्या ओळींमध्ये पुढे बदल होण्याची शक्यता आहे त्यांचे मी फंक्शन करतो आणि स्निपेटमध्ये केवळ त्या फंक्शनला बोलावणारी ओळ ठेवतो. फंक्शनमध्ये न मावणारा सांगाडा, म्हणजे टेस्टची (कोड तपासणाऱ्या कोडची) मांडणी किंवा निवडलेल्या ओळींभोवतीचा, चूक झाल्यास ती हाताळणारा ट्राय-एक्सेप्ट, हेच स्निपेटचे खरे क्षेत्र आहे, असे माझे मत झाले आहे.

दोन लहान गोष्टी नव्या वापरकर्त्याने आधीच पाहून घ्याव्यात. संक्षेप लिहून टॅब दाबताच विस्तार व्हावा यासाठीचे टॅब कम्प्लीशन मुळात बंद असते. मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी केलेल्या मजकुराच्या, फाइलींमध्ये सूचना आपोआप येत नाहीत, तेथे कंट्रोल आणि स्पेस दाबावे लागते. माझे स्निपेट बिघडले आहे असे समजून मी ते उगाचच तीनदा नव्याने लिहिले होते.

सहा स्निपेट्स मी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत, म्हणजे ते गिटमधून, कोडमधील बदलांची नोंद ठेवून ते वाटून घेण्याच्या साधनातून, सगळ्यांकडे पोहोचतात. गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याने त्यांतील टेस्टचा सांगाडा बदलला आणि तो बदल इतर कोडप्रमाणेच रिव्ह्यूसाठी, म्हणजे तपासणीसाठी, माझ्याकडे आला. जुन्या टेस्टचे काय करायचे, हा प्रश्न या वेळी मी तेथेच विचारला.