देवघरातला शंख, थ्रीडी स्लायसर आणि आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

सासूबाईंच्या देवघरातला शंख सीटी स्कॅनला न्यायचा म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली. "ने, पण तिथे कुणाच्या चपलांपाशी ठेवू नकोस." ओळखीच्या सेंटरमध्ये शेवटचा पेशंट गेल्यावर रात्री साडेनऊला शंख टेबलावर चढला. सव्वा चौदा सेंटीमीटर लांब, रामेश्वरहून आणलेला, ओठाशी एक जुना टवका. दहा मिनिटांत स्कॅन झालं, सीडी घेऊन मी घरी आले. पुढचे आठ महिने त्या सीडीने खाल्ले.

मी प्राणिशास्त्राच्या आणि शरीररचनेच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढते. रॉटरिंग पेन, ट्रेसिंग पेपर आणि ठिपके, वीस वर्षं हेच. शंखाची आतली रचना दाखवायची तर दोन वाटा. एक म्हणजे करवतीने उभा चिरायचा, म्हणजे शंख गेला. दुसरी, चित्रकाराची: बाहेरची भिंत नुसत्या रेषेत काढायची आणि मधला पिळाचा खांब भरीव रंगवायचा. वाचणाऱ्याला भिंतीतून आरपार दिसतं आणि त्यात त्याला काही चमत्कारिकही वाटत नाही. मला हवं होतं ते हेच, पण खऱ्या स्कॅनमधून, अंदाजाने नव्हे.

त्यासाठी थ्रीडी स्लायसर घेतलं, स्कॅनच्या कापांतून त्रिमितीय चित्र उभं करणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, कोड खुला आहे, आणि १९९८ पासून चालू आहे. बोस्टनचं ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या एकत्र कामातून ते सुरू झालं. माझा लॅपटॉप १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं. पहिल्याच दिवशी सगळं अडखळत चाललं, कारण विंडोज ते आतल्या साध्या ग्राफिक्सवर चालवत होतं. सेटिंगमध्ये जाऊन स्लायसरला मोठं कार्ड लावून दिलं तेव्हा शंख माउसबरोबर फिरायला लागला. तुमचंही अडखळत असेल तर आधी हे बघा, नवा लॅपटॉप नंतर. रॅमचं म्हणाल तर जेवढा डेटा उघडायचा त्याच्या दहापट असावी असं स्लायसरवालेच सांगतात. ५१२ गुणिले ५१२ चे ६०० काप, प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे साधारण ३०० एमबी. तेवढ्याला तीन जीबी मोकळी हवी.

व्हॉल्यूम रेंडरिंगमध्ये, म्हणजे सगळे काप एकत्र घेऊन त्रिमितीय चित्र दाखवणाऱ्या भागात, हाडांसाठीचं तयार प्रीसेट लावलं. जांभळट पडद्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक गोळा उभा राहिला. सुरेख, चकचकीत आणि माझ्या काहीही कामाचा नाही. ते बाहेरून मी हातात धरूनही बघू शकत होते. अपारदर्शकता कमी केली तर गोळ्याचं धुकं झालं. सगळ्या भिंती एकमेकींवर चढल्या, कुठली पुढची आणि कुठली मागची ते कळेना. प्लास्टर नाहीतर धुकं, मधलं काही नाही, असे माझे पहिले तीन आठवडे गेले.

कारण साधं आहे, पण मला ते फार उशिरा उमगलं. सीटीत प्रत्येक बिंदूला, तिथे क्ष-किरण किती अडतात यावरून, एक आकडा मिळतो: हवा उणे १०००, पाणी शून्य, आणि माझ्या शंखाची भिंत दोन हजारांच्या वर. बाहेरची भिंत आणि आतला खांब एकाच पदार्थाचे, म्हणून आकडाही एकच. आकड्यावरून पारदर्शकता ठरवायची म्हटलं तर दोघांनाही सारखाच न्याय मिळणार. चित्रकार हा भेद आकड्यावरून करत नाही. तो बघतो की पृष्ठभाग आपल्याकडे तोंड करून आहे की वळून पलीकडे चाललाय.

संगणकाला हे शिकवण्याचं काम जुनं आहे. १९८८ मध्ये मार्क लेव्हॉय यांनी दाखवलं की जिथे आकडा झपाट्याने बदलतो, म्हणजे हवा संपून भिंत सुरू होते, तिथेच रंग चढवला आणि बाकी पातळ ठेवलं की पृष्ठभाग उठून दिसतो. स्लायसरमध्ये प्रगत पर्यायांत 'ग्रेडियंट ओपॅसिटी' नावाचा आलेख आहे, तो याच कामाचा. त्याची डावी बाजू खाली दाबली आणि भिंतीची जाडी पोकळ झाली. फक्त आतली आणि बाहेरची त्वचा उरली. अर्धं काम इथे झालं.

उरलेलं अर्धं २००० साली डेव्हिड एबर्ट आणि पेनी ऱ्हाइनगन्स यांनी मांडलेलं. पृष्ठभागाचा लंब आणि आपली नजर यांच्यातला कोन नव्वद अंशांच्या जवळ आला की तिथे गडद करा, समोरासमोर असेल तर फिकट. पेनाने बाह्यरेषा काढताना हात नकळत तेच करतो. स्लायसरमध्ये याचं बटण नाही, आणि ही माझी पहिली मोठी तक्रार. शेडरमध्ये, म्हणजे बिंदूंचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, आपला तुकडा घालायची सोय मात्र आहे. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने दोन संध्याकाळी बसून वीसेक ओळी लिहून दिल्या. मी त्या स्लायसरच्या पायथन कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवते. एक स्वल्पविराम चुकला तरी शंख गायब होतो आणि लॉगमध्ये अख्खा शेडर ओतला जातो. पानंच्या पानं. त्यात चूक कुठे ते शोधणं म्हणजे तांदळातला खडा.

पण ज्या रात्री ते चाललं! पार्श्वभूमी पांढरी केली, भोवतीची चौकट काढली, कडेचा गडदपणा किती झपाट्याने उतरतो ते ठरवणारा घातांक दोनावरून चारावर नेला. समोरची भिंत विरघळली, कडेला बारीक काळी रेघ उरली आणि आत खांब पिळत वर गेलेला दिसला. वेढे मोजता येत होते. माझ्या हातच्या जुन्या आकृतीशेजारी ठेवून बघितलं, तर मी वरचे दोन वेढे इतकी वर्षं जरा जास्तच उभे काढत आलेय.

आता बाधक गोष्टी, कारण त्यांनीच जास्त शिकवलं.

मालवणच्या किनाऱ्यावर उचललेला एक रिकामा शंकूच्या आकाराचा शिंपला होता, कोनस जातीचा, चार सेंटीमीटरचा. तोही त्याच मशीनवर काढून आणला. चित्र झकास आलं: आतल्या भिंतींना मोठमोठी खिंडारं, आणि खिंडारांच्या कडेला रेखीव काळी रेघ. मी ते एका प्राध्यापक मॅडमना पाठवलं. त्यांचा फोन आला, "अगं, हा प्राणी आतल्या भिंती विरघळवून पातळ करतो, हे खरं. पण भोकं? कागदासारखी का होईना, भिंत असते तिथे." स्कॅनचा काप ०.६ मिलिमीटरचा, भिंत ०.१ ची. एका बिंदूत भिंत कमी आणि हवा जास्त, दोन्हींची सरासरी मी भिंतीसाठी धरलेल्या आकड्याखाली, म्हणून भिंत गायब. साध्या धुरकट चित्रात मला शंका तरी आली असती. या शैलीने नसलेल्या भोकाला अशी ठाम कड काढून दिली की मी ती खरी मानली. स्वच्छ रेघ दिसली की डोळा प्रश्न विचारत नाही. तेव्हापासून एकही कड मी मूळ कापांत जाऊन बघितल्याशिवाय छापायला देत नाही.

मग त्याच शिंपल्याचं मायक्रो सीटी, म्हणजे छोट्या वस्तूंचं फार बारीक सीटी, करून घेतलं, २० मायक्रॉनवर (०.०२ मिलिमीटर). टिफ फायलींची, म्हणजे साध्या चित्रांची, चळत आली, दोन हजार काप, चार जीबी. माझ्या कार्डात ते मावणं शक्यच नव्हतं. स्लायसरमॉर्फ हे एक्स्टेंशन टाकलं की चळत अर्ध्या आकारात उघडता येते. तिन्ही बाजूंनी अर्धं म्हणजे एक अष्टमांश, ५०० एमबी. पातळ भिंतीला आता अडीच बिंदू मिळाले आणि खिंडारं बुजली. आनंदात मी तो फिरवत बसले, आणि काहीतरी खटकत राहिलं. टेबलावरचा शिंपला उचलून पडद्याशेजारी धरला. पडद्यावरचा उलटा वळत होता.

हॉस्पिटलच्या फायलींत कुठला काप वर, कुठली बाजू डावी हे लिहिलेलं असतं. टिफच्या चळतीत तसं काही नसतं. कापांचा क्रम उलट धरला गेला की आरशातली वस्तू तयार होते आणि सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. कापांचा क्रम फिरवणं एका टिचकीचं काम, पण आधी कळायला तर हवं. आपल्याकडे तर हा प्रकार महागात पडेल. शंखाचं शेपूट वर धरून उघडी बाजू उजवीकडे आली तर तो दक्षिणावर्ती, फार दुर्मीळ, किंमत विचारू नका. बाजारात त्या नावाने बरेचदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक वेगळाच, जातीनेच उलटा वळणारा शंख खपवला जातो. माझ्या लॅपटॉपवर दक्षिणावर्ती शंख फुकटात होत होता. थट्टा सोडा, माणसाच्या स्कॅनमध्ये हेच झालं तर हृदय उजवीकडे जाईल. स्लायसर रुग्णोपचारासाठी मान्यताप्राप्त नाही, संशोधनासाठी आहे, असं ते स्वतःच स्पष्ट सांगतात. कडा ठळक केलेली चित्रं तर मी कुठल्याही डॉक्टरला निदानासाठी दाखवणार नाही. समजावून सांगायला मात्र तोड नाही.

एमआरआयवर ही तंत्रं निम्मीच चालतात. तिथे आकड्याला सीटीसारखा ठरलेला अर्थ नसतो, मेंदू आणि त्वचा एकाच पट्ट्यात येतात. स्लायसरबरोबर येणाऱ्या नमुन्याच्या डोक्यावर दोन दिवस घालवले आणि सोडून दिलं.

प्रकाशाबद्दल थोडी कुरकुर. मुळात दिवा कॅमेऱ्यालाच चिकटलेला असतो, त्यामुळे सगळं फ्लॅशने काढलेल्या फोटोसारखं चपटं. चित्रकलेत प्रकाश वरून डावीकडून, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. सँडबॉक्स एक्स्टेंशनमधलं दिव्यांचं मॉड्यूल टाकल्यावर बरं झालं. उबदार रंगाकडून थंड रंगाकडे जाणारी छटा, जी १९९८ मध्ये गूच आणि सहकाऱ्यांनी तांत्रिक चित्रांसाठी सुचवली, ती मला इथे जमली नाही. ती मी नंतर क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने चढवते.

मध्ये महिनाभर दृष्टी वापरलं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अजय लिमये यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर. नाव आणि आडनाव दोन्ही वाचून उगाच माहेरचं वाटलं. त्यात आकडा आणि ग्रेडियंट यांचा एकत्र नकाशा समोर येतो, पदार्थांच्या सीमा त्यावर कमानींसारख्या दिसतात, आणि कमानीवर ठिगळ सरकवलं की तीच सीमा पडद्यावर उजळते. स्लायसरमध्ये दोन वेगळ्या आलेखांची जी ओढाताण होते ती इथे एका हातात येते. चित्राचा पोत आणि छाया उजव्या आहेत. पण आधी डेटा त्याच्या स्वतःच्या साच्यात आणावा लागतो, आणि मोजमाप, लेबलं, बाकीची रोजची कामं मला स्लायसरमध्येच सोपी पडतात. निव्वळ चित्र किंवा फिरती फिल्म हवी असेल तर दृष्टी घ्या.

वेळेचं गणित विचाराल तर पहिल्या आकृतीला पाच आठवडे लागले, आता दीड दिवस. त्यातला अर्धा दिवस अजूनही पेनाचा. ठिपके सॉफ्टवेअर घालत नाही. रेंडर केलेलं चित्र खाली ठेवून मी ते वरून घालते.

शंखाची शेवटची प्रत छापून सासूबाईंना दाखवली. चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. "आत एवढे जिने आहेत होय," म्हणाल्या. मग बोट ओठाशी नेलं. "पण हा आपला शंख नव्हे. इथला टवका कुठाय?"

टवका खरंच नव्हता. हवेतली कचकच घालवायला मी स्कॅनवर गॉसियन ब्लर, म्हणजे शेजारचे बिंदू मिसळून धूसर करणारी प्रक्रिया, मारला होता, एक मिलिमीटरचा, आणि त्यात तो गुळगुळीत होऊन गेला होता. अर्ध्या मिलिमीटरवर आणला तर टवका परत आला, पण भोवती कचराही आला. शेवटी ब्लर एकावरच ठेवला, शंख देवघरातून पुन्हा मागून आणला, समोर ठेवला आणि टवका पेनाने काढला.