नाशिकहून लंडन: एअर इंडिया की एमिरेट्स?

नाशिकच्या ओझर विमानतळावरून थेट लंडन नाही, त्यामुळे कसारा घाट उतरून मुंबई गाठणं दोन्हीकडे सारखंच. तिथून एअर इंडिया सरळ हीथ्रोला नेते. एमिरेट्समध्ये दुबईला विमान बदलावं लागतं.

गंमत म्हणजे दोघींच्याही जन्मकथेत कराची आहे. १५ ऑक्टोबर १९३२ला एअर इंडियाचे संस्थापक जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. एमिरेट्सचं पहिलं विमान २५ ऑक्टोबर १९८५ला दुबईहून कराचीला गेलं, तेही पाकिस्तानी कंपनीकडून भाड्यानं घेतलेलं. एअर इंडियानं १९४८मध्येच कैरो-जिनिव्हामार्गे लंडन गाठलं होतं. पुढे १९५३ ते २०२२ सरकारी अमलात राहून ती टाटांकडे परतली तेव्हा पार कर्जात बुडालेली. (एमिरेट्सही सरकारीच, फक्त दुबईच्या!) एमिरेट्सनं सगळा डाव एकाच ठाण्यावर मांडला: जगभरातली माणसं दुबईत आणायची आणि तिथून पुढे पांगवायची. म्हणूनच दुमजली ए३८० विमानं सर्वाधिक तिच्याकडे.

आई-वडील एकटेच निघाले असतील तर मी डोळे झाकून थेट विमान घेईन. मँचेस्टर-ग्लासगोला जायचं असेल तर मात्र एमिरेट्स बरी, लंडनला उतरून पुन्हा ट्रेन शोधायला नको.