हाया भाषेचा श्राव्य अभ्यासक्रम: कानाला पूर्ण, कागदावर अर्धा

व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम काठाला, टांझानियाच्या कागेरा प्रदेशात, बुकोबा आणि आसपास हाया ही बांटू, म्हणजे आफ्रिकेतल्या एका मोठ्या भाषाकुळातली, भाषा बोलतात. नवशिक्यांसाठीच्या या संचात ध्वनिमुद्रित धडे आहेत आणि सोबत छापील पुस्तिका. धडे डोळे मिटून घ्यावेत इतके चांगले आहेत. पुस्तिका मात्र पेन्सिल हातात घेऊनच उघडावी.

कारण पुस्तिकेत उंच सूर, म्हणजे शब्दातलं कोणतं अक्षर चढ्या आवाजात म्हणायचं ते, कुठेच दाखवलेला नाही. जन्मापासून भाषा कानावर असलेल्याचं त्यावाचून अडत नाही, नवख्याचं पावलोपावली अडतं. ‘बाकोमा’ म्हणजे ‘ते बांधतात’. हे क्रियापद एकटं आलं की ‘को’ उंच. पुढे लगेच कर्म जोडलं की तो उंच सूर गळतो आणि क्रियापद सपाट होतं. पण ‘बामुकोमा’, म्हणजे ‘ते त्याला बांधतात’, असं म्हणून मग त्या माणसाचं नाव मागाहून जोडलं, तर ‘को’ उंचच राहतो. मराठीत ‘ते त्याला बांधतात, गड्याला’ म्हणताना आपण जिथे थांबतो, तो थांबा हायात सुरातून कळतो. धड्यांतला आवाज हे अगदी स्वच्छ दाखवतो. पुस्तिका त्यावर एक ओळही खर्च करत नाही.

दुसरी अडचण शब्दसूचीची. शेवटच्या अक्षरावरचा उंच सूर विरामाआधी एक घर मागे सरकतो. त्यामुळे सुटा ऐकून पाठ केलेला शब्द वाक्याच्या मध्ये वेगळाच ऐकू येतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलंच चुकलं. उपाय सोपा आहे: प्रत्येक नाम दोनदा ऐकावं, एकदा सुटं आणि एकदा वाक्यात, आणि उंच अक्षरावर तिरकी रेघ मारावी.

स्वर पाचच आहेत, पण प्रत्येकाचा ऱ्हस्व-दीर्घ भेद आहे. देवनागरीत उतरवून घेणाऱ्यांची इथेच गफलत होते. इ-ई, उ-ऊ जमतं. ए आणि ओ यांना आपल्याकडे ऱ्हस्व जोडीदारच नाही. तेव्हा दीर्घ स्वराखाली रेघ द्यावी आणि देवनागरीच्या भरवशावर राहू नये.

काळांचा धडा मात्र या संचाचा जीव आहे. ‘आम्ही बांधलं’ याला हायात तीन रूपं: आजच घडलं असेल तर ‘त्वाकोमा’, काल घडलं असेल तर ‘तुकोमिले’, त्याहून आधीचं असेल तर ‘तुकाकोमा’. आपलं आज, काल, परवा इथे क्रियापदाच्या पोटातच बसलेलं आहे. ‘तु’ म्हणजे आम्ही. पुढे ‘आ’ आला की ‘तु’चा ‘त्व’ होतो, म्हणून पहिलं रूप ओळखू येत नाही. धडा ही फोड सावकाश करतो आणि मग तिन्ही रूपं उलटसुलट विचारतो. सराव असाच हवा. फक्त ‘इले’ हा शेवट असला तरच भूतकाळ, असं समजू नये. ‘तुकाकोमा’ला तो नाही, तिथे काम ‘का’ करतो.

नामवर्गांचा धडा घाईत उरकला आहे. आपल्या तीन लिंगांच्या जागी इथे पंधराहून अधिक वर्ग आहेत, आणि संख्यावाचकसुद्धा वर्गाप्रमाणे बदलतं: ‘आबांतु बाबिलि’ म्हणजे दोन माणसं, ‘एबिंतु बिबिलि’ म्हणजे दोन वस्तू. सूचीत फक्त एकवचनं दिली आहेत, ही मोठी चूक. ‘ओमुंतु’ पाहून ‘आबांतु’ सुचेलही. पण ‘ओमु’ने सुरू होणाऱ्या दुसऱ्या वर्गाचं अनेकवचन ‘एमि’ घेतं, आणि एकवचनावरून ते कळत नाही. पानाच्या समासात प्रत्येक नामापुढे अनेकवचन लिहून घ्यावं, तेही पहिल्या धड्यापासून. नाहीतर नंतर शेकडो शब्दांना पुन्हा हात लावावा लागतो.