प्रोजेक्टर टेबलावर ठेवावा की छताला टांगावा?

सोलापुरात क्लाससाठी प्रोजेक्टर घेणारे बहुतेक जण टेबलापासूनच सुरुवात करतात. वेगळा खर्च नाही, काम झालं की कपाटात कुलूपबंद. महिन्यातून एखादा कार्यक्रम असेल तर एवढं पुरे, उगाच छताला भोकं पाडू नका.

रोज वापरायचा असेल तर मात्र मी छताच्या बाजूने. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्राला ३ मीटर अंतर लागतं. म्हणजे टेबल नेमकं बाकांच्या मधोमध येतं, वायर पायात अडकते आणि पुढच्या पोरांची डोकी पडद्यावर. चित्र उंच न्यायला प्रोजेक्टरचा पुढचा पाय उंच केला, की ते वरून रुंद, खालून अरुंद होतं. कीस्टोनने (तिरपं चित्र चौकोनी करणारी मेनूतली सोय) सरळ होतं, पण थोडे पिक्सेल वाया जातात.

छताला उलटा टांगून मेनूत ‘सीलिंग’ निवडलं की ही कटकट संपली. खरी अडचण पंख्याची! एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार, पंखा बंद कोण करू देणार? म्हणून आधी पाती प्रकाशाच्या वाटेत येत नाहीत ना, ते बघा. पत्र्याच्या खोलीत वर गरम हवा साचते, तिथे टांगायचा रॉड लांब घ्या. यंत्रमाग जवळ असतील तर सुताच्या कणांनी फिल्टर लवकर तुंबतो आणि प्रत्येक सफाईला शिडी काढावी लागते.

दिवा असलेल्या प्रोजेक्टरला टेबल असो वा छत, यूपीएस द्याच. वीज गेली की आतला पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो.