व्हेन, व्हाइल की ॲज? मराठीतल्या ‘-ताना’साठी इंग्रजी शब्द निवडताना

‘मी स्वयंपाक करत असताना बेल वाजली.’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला बसलं की स्वयंपाक आणि बेल पटकन सुचतात, गाडी अडते ती ‘असताना’पाशी. मराठीत ‘-ताना’ सगळीकडे चालतं. इंग्रजीत मात्र त्या जागी व्हेन, व्हाइल, ॲज, ड्युरिंग यांतला एक निवडावा लागतो, आणि चुकीचा निवडला तर कधी कधी अर्थच बदलतो.

आधी एवढंच बघा: दोन क्रियांपैकी बराच वेळ चाललेली कोणती आणि मध्येच घडून गेलेली कोणती? स्वयंपाक तासभराचा, बेल क्षणाची. व्हाइल लांबलेल्या क्रियेला जोडायचा: ‘व्हाइल आय वॉज कुकिंग, द बेल रँग.’ व्हेन मात्र छोट्या क्रियेलाही जोडता येतो: ‘आय वॉज कुकिंग व्हेन द बेल रँग.’ मला या वाक्यात आपला ‘तेवढ्यात’ ऐकू येतो. मी स्वयंपाक करत होते, तेवढ्यात बेल वाजली. तिथेच व्हाइल घालून ‘आय वॉज कुकिंग व्हाइल द बेल रँग’ म्हटलं, तर बेल वाजतेच आहे आणि मी आपली फोडणी घालतेच आहे, असं चित्र उभं राहतं.

व्हेन सोपा वाटतो, पण त्याच्या सोबतीचं क्रियापद जपून निवडावं लागतं. ‘व्हेन माय मदर केम होम, आय मेड टी’ म्हणजे आई आली आणि मग मी चहा केला. ‘व्हेन माय मदर केम होम, आय वॉज मेकिंग टी’ म्हणजे आई आली तेव्हा आधण आधीच गॅसवर होतं. व्हेन दोन्हीकडे तोच. दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या हे सांगितलं ते ‘वॉज मेकिंग’ने.

दोन्ही क्रिया लांबलेल्या असतील तर फार विचार करू नका, व्हाइल घ्या. ‘व्हाइल शी वॉज कुकिंग, ही वॉज रीडिंग द पेपर.’ फक्त हा शब्द विरोध दाखवायलाही येतो, हे वाचताना लक्षात असू द्या. ‘व्हाइल माय ब्रदर लाइक्स टी, आय प्रिफर कॉफी’ या वाक्यात वेळेचा काही संबंध नाही.

ॲज हा यातला सगळ्यात नाजूक शब्द, आणि आपल्याकडे सगळ्यात कमी वापरला जाणारा. मराठीत जिथे ‘जसजसं-तसतसं’ येतं, तिथे ॲजच हवा: ‘ॲज द सन वेंट डाउन, इट गॉट कोल्डर.’ सूर्य कलत गेला तसतसा गारठा वाढला. व्हाइलने ही चढती भाजणी दिसत नाही. दोन क्षण एकमेकांना भिडले असतील तर त्याच्या आधी जस्ट लावा: ‘जस्ट ॲज आय रीच्ड द स्टॉप, द बस लेफ्ट.’ मी थांब्यावर पोचायला आणि बस सुटायला एकच गाठ पडली. पण ॲजचा अर्थ ‘कारण’ असाही होतो. ‘ॲज आय वॉज कुकिंग, आय डिडन्ट हिअर द बेल’ यात स्वयंपाक करत असताना बेल ऐकू आली नाही, की करत असल्यामुळे? घरच्या गप्पांत चालून जाईल. कचेरीच्या पत्रात व्हाइल किंवा बिकॉज लिहून मोकळं व्हावं.

ड्युरिंगपुढे नाम येतं, अख्खं वाक्य नाही: ‘ड्युरिंग द लेक्चर’ बरोबर, ‘ड्युरिंग आय वॉज लिसनिंग’ चूक. मीनव्हाइल म्हणजे बातम्यांतला ‘दरम्यान’. आधीचं वाक्य पूर्णविराम देऊन संपवा आणि मग त्याने नवं वाक्य सुरू करा.

आपल्या ‘असताना’ला काळ नसतो, त्यामुळे भविष्याबद्दल लिहिताना हटकून चूक होते. पुढच्या आठवड्यात मी पुण्यात असताना फोन करेन, याचं ‘व्हाइल आय विल बी इन पुणे’ होत नाही. ‘व्हाइल आय ॲम इन पुणे नेक्स्ट वीक, आय विल कॉल यू.’ विल एकदाच, आणि तो फोनच्या बाजूला.

शेवटची गोष्ट कर्त्याची. शेजारचा मुलगा स्कूटरच्या विम्याचा अर्ज दाखवायला घेऊन आला होता. त्यात लिहिलं होतं, ‘व्हाइल गोइंग टू ऑफिस, अ डॉग केम इन फ्रंट ऑफ माय स्कूटर.’ मराठीत ‘ऑफिसला जाताना कुत्रा आडवा आला’ म्हटलं तर कोणी अडखळत नाही, जाणारा कोण हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी वाचणारा मात्र पुढच्या वाक्याचा जो कर्ता, तोच ऑफिसला निघाला होता असं धरतो. म्हणजे इथे कुत्रा. ज्या कागदावर नुकसानभरपाई ठरणार, त्यात एवढीही फट नको. आम्ही दोघांनी ते वाक्य खोडलं आणि त्याने स्वतःच नवं लिहिलं: ‘आय वॉज रायडिंग टू वर्क व्हेन अ डॉग रॅन इन फ्रंट ऑफ माय स्कूटर.’