वायरगार्ड : वारंवार लाइन जाणाऱ्या गावातल्या डेस्कटॉपसाठी

जिनिंगचा टॅली मुख्य ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आणि एन्ट्री करणारा माणूस दारव्हा-आर्णीकडच्या गावात, अशी मांडणी असली की पुष्कळ जण ऑफिसच्या राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचे दार) सरळ उघडून ठेवतात. असे करू नका. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरायची ही नेहमीची वाट आहे. पोर्ट बंद करून वायरगार्ड बसवा. दोन ठिकाणचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून बंदिस्त मार्गाने, म्हणजे 'टनेल'ने, जोडणारे हे व्हीपीएन सॉफ्टवेअर आहे. ते फुकट आहे, विंडोज १० आणि ११ वर चालते, आणि हॉटस्पॉटचे नेट तुटून परत आले की आपोआप जोडून घेते. गावातल्या नेटसाठी आम्हाला हेच सर्वात योग्य वाटते.

इन्स्टॉल करायला अ‍ॅडमिन खाते लागते. 'अ‍ॅड एम्प्टी टनेल' निवडले की चाव्यांची जोडी तयार होते. त्यातली पब्लिक की ऑफिसला कळवा, प्रायव्हेट की बाहेर जाऊ देऊ नका. तयार कॉन्फिग फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली तर प्रायव्हेट कीही सोबत येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 'एंडपॉइंट'मध्ये ऑफिसचा पब्लिक आयपी आणि पोर्ट टाका, बहुधा ५१८२०. ऑफिसच्या राउटरवर ते पोर्ट यूडीपीचे उघडायचे, टीसीपीचे नाही. ऑफिसचे नेट सिमकार्डावर असेल तर बाहेरून पोचता येणारा आयपी सहसा मिळत नाही. तिथे स्टॅटिक आयपीचे फायबर घ्या.

'अलाउड आयपीज'मध्ये फक्त ऑफिसचे नेटवर्क लिहा, म्हणजे बाकीचा डेटा टनेलमधून जाणार नाही. पण घरच्या आणि ऑफिसच्या दोन्ही राउटरवर १९२.१६८.१.० हेच नेटवर्क असेल, तर टनेल जोडूनही टॅली उघडत नाही. एका बाजूचे बदलावे लागते.

या अ‍ॅपचा खरा दोष म्हणजे 'अ‍ॅक्टिव्ह'ची हिरवी खूण. समोरून उत्तर आले नाही तरी ती दिसते. 'लेटेस्ट हँडशेक' (दोन्ही बाजूंनी एकमेकांना ओळखल्याची खूण) ही ओळ आली तरच जोडणी झाली असे समजा.

जुन्या डेस्कटॉपवर आणखी एक भानगड होते. मदरबोर्डची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असेल, तर लाइन गेली की घड्याळ मागे जाते. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का पाठवते. आधीच्यापेक्षा जुना शिक्का आला की ऑफिसकडचा सर्व्हर तो गुपचूप टाकून देतो. चाव्या, पोर्ट सगळे बरोबर असते आणि तरी जोडणी होत नाही. त्यात सगळे ट्रॅफिक टनेलमधून सोडून किल-स्विच (टनेलबाहेरचे सगळे नेट अडवणारी सोय) लावला असेल, तर विंडोजला इंटरनेटवरून वेळही दुरुस्त करता येत नाही. टनेल बंद करा, घड्याळ लावा, पुन्हा चालू करा. बॅटरी मात्र बदलाच.

हँडशेक होतो, पिंग जाते, पण रिमोट डेस्कटॉप मध्येच गोठतो, असे मोबाइल नेटवर झाले तर 'एमटीयू' (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) १२८० करून पाहा.